हलता नकाशा थांबला की तास चुकतात



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधलेले. मालीम असो, शापोरा असो, खारीवाडा असो की कुटबण, सगळीकडे जाळी दुरुस्त होताहेत, इंजिनं उघडून ठेवली आहेत, बोटींना रंग चाललाय. या दिवसांत आणखी एक काम शिकून घ्यावं, असं आम्हाला वाटतं. वरवर पाहिलं तर ते पोरांच्या मोबाइलच्या खेळातलं वाटेल. पण ऑगस्टनंतर, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्याचा संबंध थेट बोट बाहेर काढायची की नाही याच्याशी येतो.

काम हे, की हवामानाची हलती चित्रं नीट व्हिडिओ करून ग्रुपवर आणि पेजवर टाकायची.

चित्र हलत नाही, म्हणजे काय होतं?

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाने घेतलेल्या ढगांची हलती चित्रं असतात. डॉप्लर रडारचीही असतात. ढग कुठून कुठे सरकले, जोर वाढतोय की ओसरतोय, हे त्यात दिसतं. यातली बरीच चित्रं जीआयएफ प्रकारच्या फाइलमध्ये असतात. मुलं तिला नुसतं 'जिफ' म्हणतात. एकामागून एक ठेवलेल्या स्थिर चित्रांची ती चळत असते. फोन ती भराभर उलटतो आणि आपल्याला ढग चालल्यासारखे दिसतात.

अडचण पुढे येते. ही फाइल आपण ग्रुपवर पाठवतो किंवा इन्स्टाग्रामवर टाकतो, तेव्हा ती दर वेळी हलतेच असं नाही. पाठवायच्या पद्धतीप्रमाणे कधी ती साध्या फोटोसारखी जाते. मग चळतीतलं एकच चित्र दिसतं, आणि बहुतेक वेळा ते पहिलं असतं.

आता हिशेब करा. उपग्रहाचं चित्र साधारण दर अर्ध्या तासाला येतं. चळतीत १२ चित्रं असतील, तर पहिल्या आणि शेवटच्या चित्रात साडेपाच तासांचं अंतर पडतं. म्हणजे फोटो होऊन थांबलेलं चित्र हे त्या चळतीतलं सगळ्यात जुनं चित्र. वादळ ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल, तर साडेपाच तासांत ते ८० किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. ग्रुपवरचा माणूस ते चित्र बघतो आणि म्हणतो, "अजून लांब आहे रे, एक फेरी होईल." चित्र खोटं नसतं, पण ते सकाळचं असतं आणि आपण दुपारी बघत असतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं ते १६ तारखेला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेच्या रात्री, ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं होतं. वादळ इतकं चालतं, तेव्हा अर्धा दिवस शिळं चित्र काय कामाचं?

व्हिडिओच का?

जीआयएफ हा प्रकार १९८७ सालचा आहे. कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकी कंपनीने तो काढला. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. एमपी४ हा व्हिडिओचा प्रकार वेगळ्या रीतीने चालतो. एक चित्र पूर्ण साठवायचं, आणि पुढच्या चित्रांत जेवढं बदललं तेवढंच साठवायचं. ढगांच्या नकाशात किनारपट्टी, रेषा, अक्षरं जागच्या जागी असतात, फक्त ढग हलतात. त्यामुळे तीच हालचाल व्हिडिओमध्ये पुष्कळ कमी जागेत बसते. जेटीवर, खाडीच्या तोंडाशी सिग्नलची एखादी दांडी असते तेव्हा हा फरक कळतो.

दुसरं म्हणजे, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक, सगळीकडे एमपी४ चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'जीआयएफ' म्हणून जे फिरताना दिसतं, तेही आतून लहानसा बिनआवाजाचा व्हिडिओच असतो. तेव्हा पाठवण्याआधी आपणच व्हिडिओ करून घेतला, तर काय दिसेल ते आपल्या हातात राहतं.

करायचं कसं? तीन रस्ते

पहिला, सगळ्यात सोपा: स्क्रीन रेकॉर्डिंग. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. हवामान खात्याचं पान उघडा. सगळी चित्रं उतरेपर्यंत थांबा, नाहीतर मधली चित्रं गळतात. माइक बंद ठेवा. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी किंवा घरचा मेसेज वरून सरकेल आणि सगळ्या गावाला दिसेल. मग रेकॉर्डिंग लावा, दोन फेऱ्या पूर्ण होऊ द्या, थांबवा, आणि पुढचा-मागचा भाग कापा.

दुसरा: फाइल उतरवून घेऊन कॅनव्हासारख्या अ‍ॅपमध्ये टाकायची. तिथे वर-खाली जागा सोडून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिता येतं. शेवटी डाउनलोड करताना 'एमपी४ व्हिडिओ' निवडायचं. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर एका संध्याकाळचं काम आहे.

तिसरा: फाइल बदलून देणारी संकेतस्थळं. इझीजिफ हे त्यातलं जुनं आणि बरंच वापरलं जाणारं. फाइल चढवा, एमपी४ निवडा, उतरवून घ्या. अशा ठिकाणी दोन गोष्टी सांभाळा. जाहिरातींमध्येही 'डाउनलोड' लिहिलेली खोटी बटणं असतात, त्यांवर बोट ठेवू नका, आणि कोणतंही नवं अ‍ॅप घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. शिवाय तिथे हवामानाचा नकाशा चढवायला हरकत नाही, पण बोटीचे कागद, आधार कार्ड, घरचे फोटो चढवायचे नाहीत.

संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर हे करणाऱ्यांसाठी एक टीप. एफएफएमपेगसारख्या फुकट प्रोग्रामने काम झटपट होतं, पण चित्राची लांबी-रुंदी विषम आकड्यात असेल तर तो बहुधा अडून बसतो. एक बिंदू कमी करून आकडा सम केला की चालतो. रंगांचा साचा विचारला तर '४:२:० वाययूव्ही' हा नेहमीचा निवडा, नाहीतर काही फोनवर व्हिडिओ उघडत नाही.

पोस्ट करण्याआधी पाच गोष्टी

१. शेवटचं चित्र आधी. व्हिडिओ आपोआप सुरू झाला नाही, तर लोकांना फक्त त्याचं तोंड दिसतं, आणि ते तोंड म्हणजे पुन्हा पहिलं, सगळ्यात जुनं चित्र. म्हणून कव्हर निवडायची सोय असेल तिथे शेवटचं चित्र कव्हर ठेवा. सोय नसेल तर व्हिडिओच्या सुरुवातीला शेवटचं चित्र दोन सेकंद स्थिर ठेवा, त्यावर 'आत्ताची स्थिती' असं लिहा, आणि मग हालचाल दाखवा.

२. वेळ आणि तारीख स्वतः लिहा, सालासकट. अरबी समुद्रातली वादळं दिसायला एकमेकांसारखीच असतात. २०१९ च्या क्यारचं चित्र साल न लिहिता आज फिरवलं, तर कोण ओळखणार? मूळ चित्रावर वेळ छापलेली असते, पण ती बारीक असते, आणि व्हिडिओ दाबला गेला की आधी अशी बारीक अक्षरंच पुसट होतात.

३. घड्याळ कोणतं ते बघा. बऱ्याच नकाशांवर वेळ जीएमटी किंवा यूटीसी असते. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. नकाशावर ०६:०० असेल, तर आपल्याकडे सकाळचे ११:३० झालेले असतात. हे लक्षात आलं नाही, तर माणूस ताजं चित्र शिळं समजून सोडून देतो. काही चित्रांवर जीएमटी आणि भारतीय, दोन्ही वेळा छापलेल्या असतात. आपण टाकताना फक्त भारतीय वेळ लिहावी.

४. चित्र कापू नका. रीलसाठी उभी चौकट लागते आणि नकाशा बहुधा आडवा किंवा चौकोनी असतो. अ‍ॅप आपोआप चौकट भरतं आणि दोन्ही बाजू कापून टाकतं. त्यात कधी रंगांची पट्टी जाते, कधी वेळ, कधी ढगांचा निम्मा घेरच. पूर्ण चित्र मावेल असा पर्याय निवडा. वर-खाली काळी जागा राहिली तर राहू दे, तिथेच तारीख, वेळ आणि 'स्रोत: भारतीय हवामान खाते' लिहायचं.

५. फार छोटा नको, फार पळता नको. तीन सेकंदांहून लहान व्हिडिओ काही ठिकाणी घेतच नाहीत. एकेक चित्र निदान अर्धा सेकंद दिसू दे. १२ चित्रं, सहा सेकंद, दोन फेऱ्या, म्हणजे १२ सेकंद. तेवढं पुरे.

झालेलं आणि होणारं, यात गल्लत नको

ही गोष्ट वेगळी सांगावी लागते. उपग्रहाचं आणि रडारचं चित्र म्हणजे होऊन गेलेलं. त्यात शेवटचं चित्र सगळ्यात ताजं. पण हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे, वाऱ्याचे नकाशे म्हणजे अंदाज, होणारं. त्यात पहिलं चित्र जवळच्या वेळेचं आणि शेवटचं पुढच्या दिवसांचं. इथे शेवटचं चित्र कव्हर ठेवलंत, तर दोन-तीन दिवसांनंतरचा शांत समुद्र बघून माणूस आजच निघेल. म्हणून अंदाजाचा व्हिडिओ असेल तेव्हा कव्हरवर आजचं चित्र ठेवा आणि प्रत्येक चित्रावर तो कोणत्या दिवसाचा, कोणत्या वेळेचा अंदाज आहे ते राहू द्या.

आणखी एक. ढगांचा व्हिडिओ लाटा दाखवत नाही. दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा आकाश निरभ्र असतानाही किनाऱ्याला येऊन आदळतात. रापणकार आणि लहान होडीवाले हे अनुभवाने जाणतात. ढग नाहीत म्हणून दर्या शांत, असा अर्थ काढायचा नाही.

व्हिडिओबरोबर दोन ओळी हव्याच

व्हॉट्सअ‍ॅपवर मोबाइल डेटा चालू असताना फोटो सहसा आपोआप उतरतात, व्हिडिओ बहुतेक फोनवर उतरत नाहीत, त्यावर बोट ठेवावं लागतं. सिग्नल कमी असला तर तेही होत नाही. बोटीवरच्या तांडेलाच्या फोनवर धूसर चौकोन तेवढा राहतो. शब्द मात्र कमी सिग्नलवरही पोचतात. तेव्हा व्हिडिओखाली नेहमी लिहा: तारीख, वेळ, खात्याने काय इशारा दिला आहे, आणि कोणत्या भागासाठी. उदाहरणार्थ, 'आज दुपारी २ पर्यंतचं चित्र. खात्याचा इशारा: समुद्रात जाऊ नये. बाहेर असलेल्यांनी जवळचं बंदर गाठावं.' इशाऱ्याचे शब्द खात्याचेच ठेवा, आपल्या मनाचं त्यात घालू नका. इशारा नसेल तर तसं लिहा.

बोटीवर ओडिशा, झारखंडचे खलाशी असतात. त्यांच्यासाठी हिंदीत एक ओळ टाकली तर कुणाचं काही जात नाही. त्यांच्या घरचे लोकही तिकडे बसून तोच ग्रुप बघत असतात.

खात्याने नवीन इशारा दिला की जुना व्हिडिओ काढून टाका, किंवा त्याखाली 'हा जुना झाला' असं लिहा. आपल्या पेजवर आम्ही ऑगस्टपासून हीच रीत ठेवणार आहोत: कव्हरवर वेळ, व्हिडिओत पूर्ण नकाशा, खाली दोन ओळी. कुणाला वेळ दिसली नाही तर खाली लगेच विचारा.

सणाच्या चित्रांनाही हेच लागू

नारळी पौर्णिमेला होडी डोलणारी, दिवा तेवणारी शुभेच्छाचित्रं फिरतात. तीही जीआयएफच असतात. व्हिडिओ करताना लक्षात ठेवा, जिथे पार्श्वभूमी पारदर्शक असते तिथे व्हिडिओत बहुधा काळा रंग येतो. आधी मागे पांढरा किंवा निळा रंग भरून घ्या. हात बसवायला ही चित्रं चांगली, चुकलं तरी नुकसान नाही. सणाच्या शुभेच्छांवर सराव करा, म्हणजे वादळाच्या दिवशी बोटं अडखळणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट पक्की. व्हिडिओ हा इशाऱ्याच्या जागी नाही, इशारा समजावा म्हणून आहे. चित्रात काहीही दिसो, हवामान खातं आणि मत्स्योद्योग खातं नको म्हणाले की दोर सोडायचा नाही. समुद्रात अडचण आली तर व्हीएचएफचं १६ नंबर चॅनल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर, दोन्ही केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

ही पोस्ट जपून ठेवा आणि घरात जो फोन चांगला चालवतो त्याला दाखवा. बंदी उठायच्या आत प्रत्येक बोटीमागे निदान एक माणूस हे शिकलेला असावा, मग तो बोटीवरचा असो की घरातला.