मृत्युपत्रामागची फाईल

मराठी घरांत कुलवृत्तान्त मोठ्या निष्ठेने जपले जातात. मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, पिढ्यापिढ्यांचे तक्ते असे सगळे त्यांत असते. मुली मात्र पुष्कळदा ‘कन्या दोन’ एवढ्यावर उरकलेल्या असतात आणि ज्या भावाशी बोलणे तुटले त्याची शाखा मधेच थांबलेली दिसते. ही गळलेली माणसे शोधायची तर जुन्या मृत्युपत्रांकडे वळावे. त्यातही प्रोबेटसाठी कोर्टात दाखल झालेली अख्खी फाईल मिळाली, तर ती सोडू नये.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला. मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, त्यासाठी अर्ज करतो. अर्जात मृत्यूची तारीख, ठिकाण, मागे राहिलेल्या नातेवाइकांची नावे आणि राहण्याची ठिकाणे, मिळकतीची किमतीसह यादी असा मजकूर असतो. सोबत मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र असते. मृत्युपत्र मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतरही जोडलेले असते. प्रोबेट मिळाले की मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहते आणि शिक्क्याची नक्कल घरी येते. घरच्या ट्रंकेत अशी नक्कल सापडली की लोक शोध थांबवतात, पण खरे तर तिथून तो सुरू व्हायला हवा. मृत्युपत्रात माणूस बहुधा ज्यांना काही द्यायचे त्यांचीच नावे लिहितो. अर्जात मात्र ज्यांच्या वाट्याला काहीच आले नाही असे वारसही नोंदवावे लागतात. वंशावळ जुळवणाऱ्याला ही नावे मृत्युपत्राहूनही मोलाची.

मिळकतीची यादी घाईने उलटू नये. चाळीतल्या बिऱ्हाडांचे थकलेले भाडे, तोळ्या-माशांत मोजलेले दागिने, पुतण्याला उसने दिलेले पैसे, दुकानदाराचे देणे राहिलेले असले तर तेही, असे सगळे त्यात येऊ शकते. घर कसे चालत होते हे इतके उघडपणे सांगणारा दुसरा कागद क्वचितच मिळतो.

मुंबईत ही कागदपत्रे फार मागे जातात. १७२६च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर्स कोर्टे आली आणि प्रोबेट देण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. मुंबईत पुढे १७९८मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १८६२मध्ये हायकोर्ट असा तो अधिकार एका कोर्टाकडून दुसऱ्याकडे गेला. हिंदुस्थानात नोंदल्या गेलेल्या अशा मृत्युपत्रांच्या नकला लंडनला जात. तिथून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसचे ते दप्तर आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात प्रामुख्याने ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी, व्यापारी, मिशनरी भेटतात. मेलेल्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला की कोणी काय किती रुपयांना घेतले याच्या याद्याही आहेत. काही मृत्युपत्रांत साहेबाबरोबर राहिलेल्या इथल्या बाईचा आणि तिच्या मुलांचा उल्लेख येतो. त्या बायकांचा माग इतर दप्तरांत लागणे फार अवघड, म्हणून एवढी एक ओळही हाती आलेली बरी.

मराठी हिंदू घरांत जुनी मृत्युपत्रे कमी का, याचे उत्तर कायद्यात आहे. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचे मृत्युपत्र करता येत नसे. ती मुभा १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने दिली. त्याआधीचे मृत्युपत्र बहुधा स्वकष्टार्जित मिळकतीचे किंवा वाटणी झालेल्या माणसाचे. त्यामुळे गावाकडे वडिलोपार्जित शेती सांभाळणाऱ्या भावाचे काही सापडत नाही आणि मुंबईला येऊन वकिली, कंत्राटे किंवा नोकरी केलेल्या भावाचे सापडते. मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना १८७०च्या हिंदू विल्स अॅक्टने साक्षीदारांचे आणि प्रोबेटचे नियम लागू केले. त्या काळापासून पुढे शोधणाऱ्याचे काम बरेच सोपे होते.

अडते ते नावापाशी. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत अनेक जण आडनाव लावतच नसत. नाना शंकरशेटांचे आडनाव मुरकुटे, पण सारी मुंबई त्यांना वडिलांच्या नावाने ओळखते. म्हणून प्रोबेटच्या सूचीत आधी माणसाचे स्वतःचे नाव पाहावे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. आणि इंग्रजी स्पेलिंग जितक्या तऱ्हांनी होईल तितक्या तऱ्हांनी पाहावे. वर्षाचेही तसेच. घर विकायची वेळ आल्यावर, मृत्यूला बरीच वर्षे उलटून गेल्यानंतर, प्रोबेट घेतलेले असू शकते.

मुंबईबाहेर प्रोबेट घेण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे तिथे वाट वेगळी. नोंदणी केलेले मृत्युपत्र निबंधक कार्यालयाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात उतरवलेले असते. करणारा हयात असेतो त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, त्याच्या पश्चात अर्ज करणाऱ्या कोणालाही. हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. जमीन असेल तर तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहावेत, वारस तिथे नावानिशी सापडतात.

आणि भांडण झाले असेल तर संशोधकाचे भाग्यच. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे यांच्यासह काही जणांना व्यवस्थापक नेमले. पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा जन्मला आणि दोन-तीन महिन्यांतच गेला. १९०१मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. ताई महाराजांनी ते अमान्य करून कोल्हापूरच्या शाखेतला बाळा महाराज दत्तक घेतला आणि प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज दिला. त्यातून टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, शिक्षा झाली आणि १९०४मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र १९१५पर्यंत चालला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला. औरंगाबादला कोण कोण गेले, दत्तविधान झाले की नाही, भाऊबंदांची कोणती शाखा कुठली, हे सारे त्या निमित्ताने शपथेवर नोंदले गेले. प्रिव्ही कौन्सिलपुढच्या अपिलांची कागदपत्रे छापली जात. घराण्यातला एखादा दावा तिथवर गेला असल्याची कुणकुण जरी असली, तरी आधी तो छापील निकाल शोधावा. त्यातल्या नावांवरून आणि तारखांवरून खालच्या कोर्टातल्या फायली मागवता येतात.