पदवी मोठी की हातची विद्या?

२०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा सुर्ल्यातील यंत्रांवर मुरलेले हात रिकामे झाले. अनोळखी मालकास हातांची पारख नसते. तो आधी कागद मागतो. संगणकाच्या व्यवसायातही हेच आहे, असे आम्हांस वाटते.

चेन्नईची झोहो कंपनी २००५ पासून पदवी नसलेल्या मुलांस स्वतः शिकवून कामावर घेत आली आहे; परंतु असे मालक थोडे. सरकारी अभियंत्याच्या जागेस पदवी वा पदविका लागतेच. सिस्कोचे जाळेविद्येचे प्राथमिक प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवे करावे लागते. पदवी जन्मभर राहते.

म्हणून मायबापहो, ऐपत असल्यास मुलास पदवी द्याच. पण स्वतः केलेले एखादे काम त्यास दाखविता यावे, हेही पाहा. कागदाने मालक भेटतो. भाकरी टिकते ती कामाने.