धाकटं नेवासं, थोरलं नेवासं

गावाच्या नावापुढे 'खुर्द' लागलं की ते धाकटं आणि 'बुद्रुक' लागलं की थोरलं. हे दोन्ही शब्द मूळचे फारशी. महसुली दप्तरात शिरले आणि तिथून एसटीच्या पाट्यांवर आले. नेवाशात मात्र हा हिशेब उलटा आहे. प्रवरेच्या दक्षिण काठावरचं नेवासा खुर्द हे तालुक्याचं ठाणं. तहसील, बाजारपेठ, मोहिनीराजाचं देऊळ, सगळं तिथेच. पलीकडचं नेवासा बुद्रुक अजून खेडंच आहे. सरकारी कागद हवा असेल तर थोरल्याला पूल ओलांडून धाकट्याच्या दारात यावं लागतं.

प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यात, रतनगडाच्या अंगाला. 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण तिला वरच अडवतं. त्यामुळे इथल्या पात्रात उन्हाळी पाणी दिसणं हे वरून आवर्तन सुटण्यावर ठरतं. शेवटी प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते. तिथे पोचेपर्यंत खालून जायकवाडीचा फुगवटा सामोरा आलेला असतो. वर एक धरण, खाली दुसरं. मधल्या नदीला स्वतःच्या मर्जीने वाहायला पावसाळाच काय तो उरतो.

वस्ती मात्र धरणांच्या फार आधीची. 1954 पासून ह. धी. सांकलियांनी डेक्कन कॉलेजतर्फे इथली लाडमोड टेकडी खणली. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर निघाले. जुन्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांत, लहान मुलं पुरलेली सापडली. एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत अडकून राहिलेला धागा तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस निघाला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी पोराला सजवून घरातच ठेवलं होतं. दिल्लीच्या राजवटी पाठ करणाऱ्या आपल्या शाळकरी पोरांना ही माळ कुणी दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शके 1212, म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली. ज्ञानदेव ज्याला टेकून बसले अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब गावाच्या पश्चिमेला देवळात उभा आहे. मूर्ती नव्हे, अंगावर शिलालेख असलेला दगडी खांब. दुर्गा भागवतांच्या 'पैस'ला 1971 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. त्या पुस्तकाचं नाव या खांबावरून आहे.

आता कारभाराचं बघू. नेवासा खुर्दची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि 2017 मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. प्रभाग 17. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी बसला. बुद्रुक राहिलं 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखाली, खुर्द गेलं 1965 च्या नगरपरिषद कायद्याखाली. एकाच नदीचे दोन काठ, पण घरपट्टी दोन कायद्यांनी.

या बढतीत शहराने एक गोष्ट गमावली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही: ग्रामसभा. बुद्रुकचा साधा मतदार वर्षातून चार वेळा उभा राहून सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारू शकतो. खुर्दच्या मतदाराला तो हिशेब आपल्या नगरसेवकामार्फत विचारावा लागतो. सभेला कोरम जमत नाही, हे खरंच आहे. पण न वापरलेला हक्क आणि नसलेला हक्क यांत फरक असतो.

त्यात तिसरा भिडू म्हणजे नेवासा फाटा. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर हॉटेलं आणि दुकानं वाढली ती तिथे. नाव नेवाशाचं, पण हद्द मुकिंदपूर ग्रामपंचायतीची.

तालुक्याची पंचायत समिती नेवासा शहरात आहे. शहरातल्या मतदाराला तिच्या निवडणुकीत मत नाही.