हरित कॅम्पसचा हिशेब फाटकाबाहेरून करा

3 जूनचा जागतिक सायकल दिन झाला. कॉलेजांच्या फेऱ्या निघाल्या, फोटो छापून आले. आता नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतंय आणि एसटीचे पास थेट शाळा-कॉलेजात देण्याची, 2024 पासूनची मोहीम पुन्हा चर्चेत आहे. या दोन बातम्या कुणी एकत्र वाचत नाही. मला मात्र कॅम्पस हरित कसा करायचा, या पहिल्या बातमीमागच्या प्रश्नाचं उत्तर दुसरीत दिसतं.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या हरित कॅम्पसच्या यादीत वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली किंवा बॅटरीवरच्या गाड्या, पायवाटा हे सगळं आहे. चांगलंच आहे. पण ही सारी कामं फाटकाच्या आतली. विद्यार्थी फाटकापर्यंत पोचला कसा, हे त्या यादीत नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात डिसेंबर 2017मध्ये मोठ्या उत्साहात भाड्याच्या सायकली आल्या. काही वर्षांत ती योजना शहरभर बारगळली. पुण्यात हे, तर मराठवाड्यातल्या कॉलेजांनी कशाच्या मागे लागावं?

धावड्याच्या थांब्यावर सकाळी उभं राहिलं की उत्तर समोर येतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाचं, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचं हे गाव. मिरचीची पोती, दुधाचे कॅन आणि त्यांच्या मधे पाठीला सॅक अडकवलेली पोरं. गाडी आली तर सगळे एका दारातून आत. नाही आली तर अर्ध्या तासात थांबा रिकामा होतो. पोरं कुणाच्या तरी मोटारसायकलवर ट्रिपल सीट निघतात, काही काळी-पिवळीला लटकतात आणि मुली घरी परततात. त्या दिवसाचं प्रॅक्टिकल बुडतं. अशा चार-पाच खेपा झाल्या की घरात हप्त्यावर मोटारसायकल घेण्याचा विषय निघतो.

साधा हिशेब मांडू. एसटी लिटरमागे साधारण पाच किलोमीटर जाते, मोटारसायकल पन्नास. पन्नास विद्यार्थी दोघं-दोघं मोटारसायकलवर निघाले तर पंचवीस गाड्या, म्हणजे किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल. तेच पन्नास जण एका बसमध्ये बसले तर दोनशे मिली डिझेल. इतकी बचत कुठल्याही कॉलेजच्या सायकल स्टँडने होणार नाही.

इथे मला अमेरिकेतल्या डोनाल्ड शूप यांची आठवण होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे हे प्राध्यापक फेब्रुवारी 2025मध्ये वारले. फुकट पार्किंग म्हणजे गाडी घेऊन येण्याचं आमंत्रण, हे त्यांनी आयुष्यभर आकडे मांडून सांगितलं. त्यांच्याच विद्यापीठाने 2000 साली शहर बससेवेशी करार केला. पैसे विद्यापीठाने भरायचे, विद्यार्थ्याने आणि कर्मचाऱ्याने फक्त ओळखपत्र दाखवायचं. पहिल्या वर्षात बसने कॅम्पसला येणं 56 टक्क्यांनी वाढलं, एकट्याने गाडी चालवत येणं 20 टक्क्यांनी घटलं. मोटारींच्या शहरात हे घडलं. आपल्याकडे तर मुलं आधीपासूनच बसची वाट बघत उभी आहेत.

सवलती आपल्याकडे कमी नाहीत. विद्यार्थ्याला भाड्याचा एक तृतीयांशच पैसा भरावा लागतो. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसमुळे कितीतरी गावांतल्या मुली दहावी-बारावीपर्यंत पोचल्या. पण मोफत पास बारावीला संपतो, म्हणजे कॉलेज सुरू होतं तिथेच! 2024मध्ये सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची फी माफ केली. उत्तम निर्णय. आता कॉलेजला जाण्याचं भाडंही माफ व्हायला हवं.

त्याहून मोठी अडचण फेऱ्यांची. जालना विभागाचे आगार जालना, अंबड, परतूर आणि जाफराबादला. भोकरदनला बसस्थानक आहे, आगार नाही. गाडी दुसऱ्या गावाहून निघणार, मग टोकाच्या गावाला तिच्या उशिराचा फटका बसणारच. 2021-22च्या संपात एसटी महिनोन्महिने बंद होती. त्या काळात दुचाकीला सरावलेला मुलगा सहज परत येत नाही. त्याला परत आणायचं तर गाडी वेळेवर यायला हवी. पोस्टर लावून ते होणार नाही.

कॉलेजांनी पार्किंगच्या शेडवर खर्च करण्याआधी विद्यार्थी कोणत्या गावांतून येतात त्याची यादी काढावी आणि ती आगारप्रमुखांसमोर ठेवावी. पहिलं लेक्चर गाडीच्या वेळेनंतर लावावं, शेवटची गाडी प्रॅक्टिकल सुटल्यावर निघावी. एवढ्याला एक बैठक पुरते. प्राचार्यांनो, वेळापत्रक छापायला जाण्याआधी ही बैठक लावा. पालकांनो, ती झाली का हे प्रवेश घेताना विचारा.