विलायती वाइनची पारख

हा मथळा वाचून या मासिकाच्या कांहीं जुन्या वाचकांच्या भुंवया वर जातील, हें आम्ही जाणून आहों. ज्या घरच्या फडताळांत द्राक्षासवाखेरीज दुसरी बाटली कधीं शिरली नाहीं, त्या घरांतल्या सेवानिवृत्त मास्तरानें विलायती वाइनवर लेख लिहावा, ही गोष्ट चमत्कारिक खरीच. आम्हीं स्वतः ती चाखलेली नाहीं आणि या वयांत चाखण्याचा मनसुबाहि नाहीं. परंतु घरांतील मुलें नोकरीनिमित्त देशोदेशींच्या माणसांत वावरूं लागलीं, म्हणजे ज्या वस्तूंकडे आपण आजवर पाठ फिरविली त्यांचीहि थोडीबहुत माहिती वडील माणसांस असावी लागते. ती नसली तर काय फजिती होते, तें आम्हीं घरींच पाहिलें.

आमचा पुतण्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत, लोक ज्या भागास नुसतें एम. आय. डी. सी. म्हणतात तेथें, सळयांच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. जालना हें पोलादी सळया आणि बियाणें यांसाठीं देशभर नांवाजलेलें गांव. कारखान्यांत इटलीहून यंत्रसामग्री आली व ती बसवून देण्यासाठीं एक इटालियन तंत्रज्ञ दोन हिंवाळे येथें येऊन राहिला. मनुष्य मोठा सालस. पहिल्या वर्षीं नाताळांत पुतण्यानें एका दुकानांतून अठ्ठावीसशें रुपयांची फ्रेंच बाटली आणून त्यास भेट दिली. लेबलावर राजवाड्याचें चित्र, सोनेरी अक्षरें. तेव्हां वस्तु उंची असणार, अशी बिचाऱ्याची समजूत. पुढल्या वर्षीं स्नेह वाढल्यावर त्या गृहस्थानें मोठ्या संकोचानें सांगितलें कीं, बाटली उष्णतेनें बिघडलेली होती. आंतून शिजलेल्या फळांचा आंबूस वास आला आणि ती ओतून द्यावी लागली. त्या रात्रीं पुतण्या जेवला नाहीं. पैसे गेल्याचें त्यास दुःख नव्हतें. परमुलखांत एकट्या राहणाऱ्या माणसास सणाच्या दिवशीं आपण नासकी वस्तु दिली, याचें होतें.

त्या गृहस्थास एकदां घरीं जेवावयास बोलवावें आणि त्याच्याच देशाची चांगली बाटली द्यावी, असें पुतण्याच्या मनांत आलें. पण हें त्यानें प्रथम कोणास सांगितलें नाहीं. आमच्या वहिनींस, म्हणजे त्याच्या आईस, सुगावा लागला तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "आणायचीच तर सांगून आण. पिशवींत लपवून आणलेली वस्तु पाहुण्याच्या हातांत कोणत्या तोंडानें देशील?" आमच्या दादांनीं दोन दिवस विचार करून निकाल दिला : बाटली या घरांत उघडावयाची नाहीं, परंतु पाहुण्याची भेट म्हणून उजळ माथ्यानें द्यावयास हरकत नाहीं, मात्र या खेपेस ती पारखून आणावी. पुस्तकें चाळण्याची खोड आम्हांस असल्यामुळें पारखीचें काम आमच्याकडे आलें. "काका, तुम्ही?" एवढें म्हणून पुतण्या हंसला, पण त्याचा जीव भांड्यांत पडला, हेंहि दिसलें.

पहिलें पुस्तक काढलें तें अर्थातच आमच्या ओळखीचें. कौटिलीय अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षांच्या रसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून, तें ज्या मुलखांतून येई त्यावरून त्यास कापिशायन व हारहूरक अशीं नांवें दिलीं आहेत. कापिशी हें काबूलच्या उत्तरेचें प्राचीन नगर. त्यापासून 'कापिशायन' हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र घातलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत इटलीच्या मद्याचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथांत आपल्या पैठण व तेर या पेठांचाहि. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकलिया यांच्या देखरेखीखालीं जें उत्खनन झालें, त्यांत अशा मालाच्या दोन कानांच्या रोमन रांजणांचे तुकडे सांपडले. म्हणजे आमचा इटालियन पाहुणा आणि त्याचें मद्य या मुलखास अगदींच नवखें नव्हतें! पण आम्हांस उपयोगी पडली ती गोष्ट निराळी : द्राक्षमद्याची ओळख पूर्वापार गांवाच्या नांवानें पटते. जालन्याच्या मोसंबीस आज भौगोलिक मानांकन आहे, त्यांतलाच हा प्रकार.

युरोपांत या नांवांस कायद्याचें बळ आहे. इटलीच्या बाटलीवर 'डी. ओ. सी.' किंवा त्याहून कडक 'डी. ओ. सी. जी.', स्पेनच्या बाटलीवर 'डी. ओ.' आणि फ्रान्सच्या बाटलीवर 'आपेलासियों' हा शब्द असला, म्हणजे द्राक्षें कोणत्या मुलखांतलीं, कोणत्या जातीचीं आणि मद्य कोणत्या रीतीनें केलेलें, हें नियमानें बांधलेलें असतें. स्पेनमधील रिओहा प्रांताच्या तांबड्या मद्यावर 'क्रियान्सा' असें लिहिलें असल्यास तें निदान दोन वर्षें मुरलेलें असावें लागतें व त्यांतलें निदान एक वर्ष लांकडी पिपांत. याउलट 'रिझर्व' हा भारदस्त शब्द अनेक देशांत कोणीहि, कशावरहि छापूं शकतो. राजवाड्याच्या चित्राचेंहि तसेंच; चित्रावर नियम चालत नाहींत. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. बोर्दो, बर्गंडी, शांपेन या नांवांची म्हणून एक किंमत असते. त्यांच्या सावलींत राहिलेले प्रांत, म्हणजे दक्षिण फ्रान्सांतील लांगदोक, स्पेनचा ला मांचा, पोर्तुगालचा दूरो, इटलींतील आब्रुत्सो व सिसिली, तेवढ्याच पैशांत पुष्कळदां सरस माल देतात.

आतां किंमतीविषयीं. आम्हीं खरेदी केली तेव्हां विलायती वाइनवरील सीमाशुल्क दीडशें टक्के होतें. २०२१ च्या अर्थसंकल्पांत त्याचे दोन भाग करण्यांत आले, ५० टक्के मूळ शुल्क व १०० टक्के कृषि पायाभूत सुविधा उपकर; पण बेरीज तीच राहिली. मुलांस त्रैराशिक घालावें तसें आम्हीं पुतण्यास गणित मांडून दाखविलें. बंदरावर तीनशें रुपयांस पडलेल्या बाटलीवर साडेचारशें शुल्क, झाले साडेसातशें. त्यावर राज्याचें शुल्क व विक्रीकर, कारण मद्य हें वस्तु व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय आयातदार, घाऊक व्यापारी व दुकानदार यांचे नफे. जालन्यास पोंचेपर्यंत तीनशेंची वस्तु सहज पंधराशें-अठराशेंवर जाते. त्यांतहि वाहतूक, कांच, बूच व लेबल यांचा खर्च स्वस्त-महाग सर्व बाटल्यांस जवळजवळ सारखाच. त्यामुळें अगदीं स्वस्त विलायती बाटलींत प्रत्यक्ष मद्याच्या वांट्यास फारच थोडे पैसे येतात. हजार रुपयांच्या आंत खर्च करावयाचा असेल तर नाशिकची वाइन घ्यावी. तिला सीमाशुल्क नाहीं, समुद्रप्रवास नाहीं. विलायती घ्यावयाची तर मधल्या किंमतीची. ऑस्ट्रेलियाच्या ठराविक किंमतीवरील वाइनवरचें शुल्क २९ डिसेंबर २०२२ पासून कमी झालें आहे. युरोपीय संघाशीं चाललेल्या व्यापारकराराच्या वाटाघाटी २७ जानेवारी २०२६ रोजीं पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. करार अमलांत आल्यावर शुल्क प्रथम ७५ टक्क्यांवर येऊन पुढें टप्प्याटप्प्यानें उतरावयाचें आहे.

एवढी तयारी करून आम्ही पुतण्यासह दुकानांत गेलों. आपल्याकडे पाटी असते 'वाइन शॉप', आणि आंत सर्वांत थोडी असते ती वाइनच! ती जी असते ती बहुधा वरच्या फळीवर, विजेच्या नळीखालीं, उभी आणि धूळ खात. जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. असे दोन उन्हाळे दुकानांत काढलेली बाटली कितीहि उंची असली तरी घेऊं नये. बूच तोंडाबाहेर आलेलें, गळ्याशीं चिकट ओघळ, किंवा आंतील पातळी मानेच्या बरीच खालीं उतरलेली, हीं तापल्याचीं लक्षणें होत. साधी पांढरी वाइन दोन-तीन वर्षांहून जुनी असल्यास टाळावी. 'जुनें तें सोनें' ही म्हण अल्प किंमतीच्या मद्यास लागू नाहीं. मागील बाजूस आयातदाराचें नांव-पत्ता व आयातीचा महिना छापलेला असतो, तो अवश्य वाचावा. बाटली या देशांत येऊन किती उन्हाळे झाले, तें त्यावरूनच कळतें. तो कागद फाटका किंवा गहाळ असेल तर बाटली परत फळीवर ठेवावी.

पहिल्या दोन दुकानांतून आम्ही रिकाम्या हातानें परतलों. तिसऱ्या दुकानाच्या मालकास मात्र आमच्या प्रश्नांची गंमत वाटली. तो म्हणाला, "मास्तर, इथं ठेवून खराब करण्यापेक्षा मागवून देतो. यादी बघा." मुंबईची ॲस्प्री, दिल्लीची ब्रिंडको अशा आयातदार पेढ्यांचा माल घाऊक व्यापाऱ्यांमार्फत मोठ्या शहरांत येतो, आणि छत्रपति संभाजीनगर जालन्याहून अवघें साठ किलोमीटर. मागणी नोंदविली कीं लहान गांवचा दुकानदारहि बाटली आणून देऊं शकतो, हें ज्ञान आम्हांस त्या दिवशीं झालें. मागवावयाचें तें मार्गशीर्ष ते माघ या थंडीच्या दिवसांत, म्हणजे वाटेंत माल तापत नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस आणखी एक मार्ग आहे : परत येणाऱ्या प्रौढ प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणतां येतें.

एक गोष्ट दुकानांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं, ती येथें सांगणें आमचें कर्तव्य आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत मद्य विकत घेण्यास व जवळ बाळगण्यास परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. पुतण्या म्हणाला, "काका, कोण विचारतंय?" आम्हीं म्हटलें, "कोणी विचारलें नाहीं तरी दादांनीं उजळ माथ्यानें म्हटलें आहे." परवाना घेतला, आणि मगच बाटली घेतली : आब्रुत्सो प्रांताची, तांबडी, तीन वर्षांपूर्वींच्या द्राक्षांची, आदल्याच पावसाळ्यांत आयात झालेली. किंमत सतराशें रुपये.

पाहुणा आला. पुरणपोळी त्यानें तुपासह दोनदां मागून घेतली. जेवणानंतर ओसरीवर दादांनीं त्यास शाल व श्रीफळ दिलें आणि पुतण्यानें कागदांत गुंडाळलेली बाटली. त्यानें लेबल वाचलें व तो हंसला. "हें आमच्याकडे पांच-सहा युरोंस मिळतें. आम्ही घरीं जेवतांना हेंच घेतों," असें त्यानें इंग्रजींत सांगितलें. पुतण्याचा चेहरा उतरला; अठ्ठावीसशें रुपयांनीं एकदां फसविलें, आतां सतराशेंनींहि हंसें केलें, असें त्यास वाटलें असावें. पण पाहुणा पुढें म्हणाला कीं, दोन हिंवाळ्यांत हॉटेलांतून मोठमोठ्या नांवांच्या बाटल्या त्यानें पुष्कळ पाहिल्या. घरच्या जेवणांतली मात्र ही पहिलीच. मग त्यानें ती श्रीफळाबरोबर शालींतच गुंडाळून घेतली.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्या कारखान्यांतून आला तेव्हां वहिनी तुळशीपाशीं दिवा लावीत होत्या. वात सारतां सारतां त्यांनीं विचारलें, "या वेळीं चांगली निघाली का रे?"

"निघाली," पुतण्या म्हणाला.

"मग हात-पाय धू आणि जेवायला बस."

दुकान, आयातदार, साल व किंमत हें सर्व आम्हीं वहींत टिपून ठेविलें आहे. घरांत पुन्हां कोणास जरूर पडली तर वही फडताळांत, द्राक्षासवाच्या बाटलीशेजारींच आहे.