दोरी बोटात आहे का?

भाचीचा फोन रात्री येतो आणि बहुतेक वेळा रडवेला असतो. ती पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. वर्षभर तिचं एकच गाऱ्हाणं होतं : "मावशी, पान समोर असतं गं, मीच तिथे नसते." त्या रात्री मात्र आवाज मोकळा होता. म्हणाली, "मी दोरीच्या मल्लखांबाला जायला लागलेय. दोरीवर असते तेवढा वेळ कट-ऑफ आठवत नाही." पुढच्याच आठवड्यात मी पुण्याला गेले.

व्यायामशाळा जुनी आहे, कौलारू. उंबरा ओलांडला की आधी वास येतो, एरंडेलाचा. मधोमध रोवलेल्या सागवानी खांबाला बोंडापासून खालपर्यंत वर्षानुवर्षं एरंडेल चोळलंय, ते लाकडात मुरलंय आणि भिंतींतही. लहानपणी आजी नाक दाबून हेच पाजायची. पहिल्या श्वासालाच माझा घसा आवळला. खांबापलीकडे तुळईला सुती दोऱ्या टांगलेल्या. पूर्वी दोरीच्या जागी वेत असायचा. चांगला वेत मिळेनासा झाला तशी दोरी आली, आणि मुलींनी ती आपलीशी केली.

शिकवणाऱ्या ताई साठीच्या आसपासच्या. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, तळहात सुपारीसारखे टणक. सकाळी साडेसहाच्या तुकडीत बऱ्याच मुली अभ्यासिकांमधून येतात. त्यांना ताईंचं ठरलेलं वाक्य असतं : "वीस मिनिटं मला द्या, मग खुशाल जाऊन वाचा." सूर्यनमस्कार, जोर, बैठका पटापट उरकतात. मग दोरी.

दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायची, दुसरा पाय वर घ्यायचा, पुन्हा बेचक्यात धरायची. गाठ कुठेच मारायची नाही. वर गेल्यावर दोरीचा वेढा अंगाभोवती घ्यायचा आणि त्या वेढ्यावर स्वतःचा भार सोडायचा. वेढा चुकला तर दोरी लगेच सरकते. मी खाली गादीशेजारी बसून मुलींचे चेहरे बघत होते. भाचीच्या कपाळावर गेलं वर्षभर जी आठी आहे, ती वेढा घेताना गेली होती. जीभ किंचित बाहेर आली होती, लहानपणी रांगोळीचे ठिपके जोडताना यायची तशी.

त्या दिवशी एक नवीन मुलगी होती, हिंगोलीकडची. तिसराच दिवस. येताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आली, नमस्कार घालतानाही बघत होती. दोरीवर पुरुषभर उंची चढली आणि थांबली. वर जाईना, खाली येईना. श्वास फुलला, ओठ पांढरे पडले.

"ताई, धडधडतंय."

"धडधडू दे. चढल्यावर धडधडणारच." ताई दोरीखाली जाऊन उभ्या राहिल्या, हात वर केलेले. "मला एवढंच सांग, दोरी बोटात आहे का?"

मुलीनं मान खाली घालून पायाकडे बघितलं. "डाव्या पायात आहे."

"उजव्या?"

"निसटलीय."

"मग ती धर. बाकीचं मग बोलू."

तिनं धरली. एवढंच घडलं. पण तो संवाद परतीच्या वाटेवर, घरी, स्वयंपाक करतानाही माझ्या कानात राहिला, आणि त्याच्याबरोबर एरंडेलाचा वासही.

कारण चिंता करणाऱ्या माणसाला आपण नेहमी सांगतो, लक्ष दे. लक्ष त्याच्याकडे भरपूर असतं, ते पहाऱ्यावर बसलेलं असतं इतकंच. मायकेल आयसेंक, नाझनीन देरक्षान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे नीट मांडलं : हातातल्या कामाकडे लक्ष वळवणारी यंत्रणा चिंतेत दुबळी होते आणि आजूबाजूच्या कशानंही दचकणारी यंत्रणा जोर धरते. त्याच्याही आधी, १९८६ साली, मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा यांनी पडद्यावर एकाच वेळी दोन शब्द दाखवले, एक भीतीचा आणि एक साधा. क्षणात शब्द गेले आणि काही वेळा त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका आला. चिंताग्रस्त लोकांना भीतीच्या शब्दाजागचा ठिपका लवकर दिसायचा. नजर आधीच तिथे जाऊन बसलेली असायची. माझ्या भाचीची नजर कट-ऑफवर बसते तशी. पानावरची ओळ तिला दिसते, पण ती ओळ धरून ठेवायला मनात जागाच उरत नाही.

मग व्यायामानं काय होतं? ताईंची वीस मिनिटं मला आधी सवयीचा आकडा वाटली होती. पण इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी २००९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ट्रेडमिलवर चालवलं, तेही वीस मिनिटंच. ठोके खाली आल्यावर मुलांना चाचणी दिली : पडद्यावर ओळीनं खुणा, मधली कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं. शेजारच्या खुणा उलट्या दिशेनं खुणावत असतात, त्यांना भुलायचं नाही. नुसती बसून राहिलेली असताना मुलं जेवढी बरोबर यायची, त्याहून चालल्यावर जास्त बरोबर आली. वाचलेलं समजण्यातही फरक दिसला. पुढे २०१३ मध्ये तिथल्याच नेहा गोठे आणि सहकाऱ्यांनी ३० तरुणींवर योगासनं आणि ट्रेडमिल अशी तुलना केली. पुन्हा वीस मिनिटंच, आणि त्यात आसनांनंतरची कामगिरी ट्रेडमिलनंतरच्यापेक्षा सरस ठरली.

या दोन्ही प्रयोगांतली मंडळी चिंताग्रस्त म्हणून निवडलेली नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. तरी आसनांचा निकाल वाचताना मला दोरी दिसली. आसनात आणि दोरीवर प्रत्येक हालचालीला लक्षाची हजेरी लागते. ट्रेडमिलवर पाय चालतात आणि मन हवं तिथे भटकू शकतं.

धडधडीचंही तसंच. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या छातीचीच भीती वाटायला लागते. ठोके वाढले म्हणजे आता काहीतरी वाईट होणार. म्हणून घबराटीच्या झटक्यांवरच्या उपचारात रुग्णाला मुद्दाम जागेवर धावायला लावून ठोके वाढवतात, आणि ते आपोआप उतरतात हे त्याच्या त्यालाच अनुभवू देतात. ताईंनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांनी फक्त "चढल्यावर धडधडणारच" म्हटलं, आणि त्या ठोक्यांचा अर्थ बदलला.

अभ्यासिकांच्या गल्लीत विजेच्या खांबांवर आठवड्यात एकाग्रता वाढवून देणाऱ्या वर्गांची पत्रकं चिकटवलेली असतात. ती वाचताना मला संताप येतो. ही मुलं गावाकडची जमीन गहाण टाकून आलेली असतात. ताई असलं काही कबूल करत नाहीत. एका मुलीची झोपच उडाली होती, तिला घेऊन त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्या. "दोरी म्हणजे औषध नव्हे," त्या म्हणाल्या. "दोरीचं काम दोरी करेल."

दुपारी भाचीनं वही दाखवली. वाचताना मन भरकटलं की ती पानाच्या कडेला पेन्सिलीनं उभी रेघ मारते. जूनमधल्या पानांच्या कडा कुंपणासारख्या भरलेल्या. ऑक्टोबरमध्ये दोरीच्या दिवशी सकाळच्या पानांवर तीन-चार रेघा, दुपारनंतर पुन्हा गर्दी. वीस मिनिटांची पुंजी दिवसभर पुरत नाही, तिलाही ते कळलंय. म्हणून सगळ्यात अवघड विषय ती आता सकाळी आठला घेते. एका मुलीची वही म्हणजे पुरावा नव्हे, पण ती कुंपणं विरळ झालेली मी डोळ्यांनी पाहिली.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा सकाळी गेले. वास आता घशाशी येत नव्हता. हिंगोलीची मुलगी त्या दिवशी तुळईपर्यंत पोचली नाही, पण दोनदा चढली, आणि उतरताना दोरी सोडली नाही. खाली बसून तिनं पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी लालभडक झाली होती.

"ताई, रोज एवढी चावते का हो?"

ताई खाली बसल्या, बेचक्यावर अंगठा फिरवून बघितलं. "दोन आठवडे चावेल," त्या म्हणाल्या. "उद्या उजव्या पायानं सुरुवात कर."