ईदच्या आधी गादीला ऊन

रमजान लागला की घराचे वेळापत्रकच बदलते. रात्री उशिरापर्यंत तरावीहची नमाज, मग थोडीशी झोप, पहाटे अंधारात सहेरीसाठी उठणे, फजरच्या नमाजनंतर पुन्हा तासभर आडवे होणे आणि दुपारी रोजाने थकलेल्या शरीराला एक डुलकी. एरवी सकाळी आवरले जाणारे अंथरूण या महिन्यात दिवसभर पसरलेलेच राहते. अर्धवट झोपेतली मुले गादीवर बसूनच दूध-फेणी खातात, कधी पाण्याचा पेला कलंडतो. महिनाअखेरीस ईदची साफसफाई निघते. भांडी लखलखतात, पडदे बदलतात, जळमटे निघतात. गादीवर मात्र नवी चादर पडते आणि तिच्याखालचे सगळे तसेच राहते.

जुन्या नाशिकमध्ये, भद्रकाली, दूधबाजार, चौक मंडई, कथडा या भागांत एके काळी गादीची ही आबाळ होत नसे. पिंजारी दारावर यायचा. खांद्यावर धनुष्यासारखे लांब पिंजण आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची तांत. लाकडी ठोकळ्याने तांतीवर ठोका दिला की गल्लीभर ‘टंव टंव’ असा आवाज घुमायचा. वेगळी हाक देण्याची गरजच नसे. तो आवाज ऐकून घराघरांतून गाद्या, उशा आणि लोड अंगणात येत. पंचवटीतले वाडे असोत की दर्ग्याजवळचे मोहल्ले, पिंजारी तोच आणि त्याचे कामही तेच.

नावात दडलेला धंदा

कापूस पिंजण्याच्या या कामाने अनेक भाषांमध्ये आपला ठसा सोडला आहे. मराठीत पिंजारी, हिंदी-उर्दूत धुनिया, तर अरबीतून आलेला शब्द नद्दाफ. कर्नाटकात ‘नदाफ’ आणि खानदेशात ‘पिंजारी’ ही आडनावे आजही सहज भेटतात. या समाजातले बरेच लोक स्वतःला मन्सूरी म्हणवतात आणि आपले नाते इसवी सन 922 मध्ये बगदादला मृत्युदंड झालेल्या मन्सूर अल-हल्लाज या सुफीशी जोडतात. ‘हल्लाज’ या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. सोळाव्या शतकातले संत दादू दयाल यांनाही परंपरा पिंजाऱ्याच्याच घरातले मानते. कुरआनातल्या ‘अल-कारिआ’ या छोट्या सूरेत कयामतच्या दिवसाचे वर्णन आहे. त्या दिवशी डोंगरसुद्धा पिंजलेल्या लोकरीसारखे होतील, अशी उपमा तिथे येते. तरावीहमध्ये ही सूरा कानावर पडते, तेव्हा ज्याने पिंजण चालताना पाहिले आहे त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

पिंजण चालते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. अंगाचा भार आणि घामाचा ओलावा यांमुळे गादीतला कापूस हळूहळू दबतो, त्याचे गोळे होतात. मधली हवा निघून जाते, गादी कडक होते आणि तिला कुबट वास येऊ लागतो. थरथरणारी तांत कापसाला भिडली की तंतू एकमेकांपासून सुटतात, धूळ खाली पडते आणि तंतूंमध्ये पुन्हा हवा भरते. कापूस पिंजला जात असतानाच घरची बाई खोळ धुऊन वाळत घालते. संध्याकाळी कापूस खोळीत भरायचा, दाभणाने जाड दोऱ्याचे टाके घालायचे, म्हणजे तो एका बाजूला सरकत नाही. एका माणसाच्या गादीत साधारण आठ ते बारा किलो कापूस मावतो. पिंजताना आखूड तंतू आणि धूळ गळून वजन थोडे घटते, तेवढी नव्या कापसाची भर घातली की जुनीच गादी पुन्हा काही वर्षे टिकते. गादी खराब झाली म्हणून टाकून द्यायची, ही कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती.

दोन सण, एकच काळजी

नाशिकच्या हिंदू घरांत घटस्थापनेआधी गोधड्या, चादरी आणि सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची रीत आहे. त्या दिवसांत गोदाकाठी धुण्याची झुंबड उडते. पावसाळ्याचा ओलावा घराबाहेर काढण्याची ती वेळ असते. मुस्लिम घरांतली ईदची सफाई याच जातीची आहे. नमाजसाठी शरीर, कपडे आणि जागा तिन्ही पाक असावी लागतात. लहान घरात जिथे रात्री अंथरूण पडते, तिथेच पहाटे जानमाज अंथरली जाते. त्यामुळे गादी स्वच्छ ठेवणे हा तिथे इबादतीच्या तयारीचाही भाग ठरतो.

झोपण्यापूर्वी अंथरूण झटकावे, कारण आपल्यामागे त्यावर काय आले हे ठाऊक नसते, ही पैगंबरांची शिकवण हजरत अबू हुरैरा यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. पैगंबरांचे स्वतःचे अंथरूण खजुराच्या झाडाचे तंतू भरलेल्या चामड्याचे होते, असे हजरत आयेशा सांगतात. अंथरूण साधे असले तरी चालेल, पण ते झटकलेले असावे, एवढा बोध त्यातून कोणत्याही घराला घेता येतो.

घरच्या घरी काय करावे

सध्या रमजान थंडी सरताना येतो. पाऊस नाही, हवा कोरडी आणि ऊन कडक, म्हणजे नाशिकमध्ये गादी साफ करायला याहून चांगले दिवस नाहीत. गादीतली मुख्य अडचण ओलाव्याची असते. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे माणसाच्या गळालेल्या त्वचेवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. त्यांच्या विष्ठेमुळे दमा आणि सर्दीची अॅलर्जी बळावते. गादी कोरडी राहिली तर त्यांची वाढ थांबते.

कापसाची गादी सकाळी गच्चीवर घालावी. दोन-तीन तासांनी उलटावी आणि काठीने दोन्ही बाजूंनी झोडपावी. हे काम घरात करू नये, नाहीतर तीच धूळ पुन्हा घरभर बसते. झोडपताना नाकातोंडाला रुमाल बांधावा. उन्हातून आणलेली गादी थंड झाल्याशिवाय तिच्यावर चादर घालू नये.

फोमच्या गादीचे तंत्र वेगळे आहे. कडक उन्हात फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. म्हणून ती सावलीत, वाऱ्यावर, भिंतीला टेकवून उभी ठेवावी. फोम किंवा काथ्याची गादी पाण्याने कधीच धुऊ नये. आत मुरलेले पाणी दिवसेंदिवस वाळत नाही आणि बुरशी धरते.

डाग पडला तर तो चोळू नये. आधी कोरड्या फडक्याने दाबून ओल टिपून घ्यावी. रक्ताच्या डागाला थंडच पाणी लावावे, गरम पाण्याने तो पक्का होतो. मुलाने गादी ओली केली असेल तर ओल टिपल्यावर त्या जागेवर खाण्याचा सोडा भुरभुरावा, काही तास राहू द्यावा आणि मग ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढून टाकावा. एवढ्याने वास जातो. मात्र ती जागा नमाजसाठी पाक मानायची तर काय करावे, हे मशिदीच्या इमामांना विचारून घ्यावे.

सकाळी उठल्याबरोबर चादर ताणून पलंग झाकण्याची सवयही सोडून द्यावी. रात्रीचा घाम सुकायला गादीला तासभर उघडे राहू द्यावे. गादीवर सुती खोळ असावी आणि ती चादरीबरोबर गरम पाण्यात धुतली जावी. पलंगाच्या फटी, गादीची शिवण आणि बटणांच्या खाचा महिन्यातून एकदा उजेडात तपासाव्यात, कारण ढेकूण तिथेच लपतात. अत्तर किंवा गुलाबपाणी गादीवर शिंपडू नये. कपाटात घड्या घातलेल्या चादरींमध्ये अत्तराचा फाया ठेवला तर तेवढा सुवास पुरतो.

रोजा आणि कापसाची धूळ

आता तांतीची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे. काही पिंजारी टेम्पोवर यंत्र चढवून वसाहतींमध्ये फिरतात. तासांचे काम मिनिटांत होते, पण धूळही तेवढीच उडते. कापसाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी करणारा बिसिनोसिस हा आजार गिरणी कामगारांमध्ये जुना आहे, आणि पिंजाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ काही वेगळी नसते. रमजानमध्ये तो रोजा ठेवून हेच काम करतो. नकळत घशात गेलेल्या धुळीने रोजा तुटत नाही, अशी सवलत फिकहच्या ग्रंथांनी दिली आहे. पण कोरड पडलेला घसा पाण्याच्या घोटाने ओला करायची सोय त्याला इफ्तारपर्यंत नसते. त्याच्यासमोर गादी टाकणाऱ्या घराने निदान सावलीची जागा द्यावी, मजुरीत घासाघीस करू नये आणि ती हातोहात चुकती करावी.

फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याची गरज कमी झाली. धंद्यातली पुढची पिढी रिक्षा, गॅरेज, दुकान अशा कामांकडे वळली. फोमची गादी हलकी असते, नीट दिसते, उचलायला सोपी असते, यात वाद नाही. पण ती बसली की दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावी लागते. टाकलेला फोम कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर होतो. जुनी गादी मात्र खोळ बदलून आजीकडून नातवाकडे जायची. तिच्या तशा टिकण्यावरच पिंजाऱ्याचे घर चालायचे.

रमजान हा देण्याचाही महिना आहे. जकात, फितरा यांबरोबर अनेक घरांतून जुने अंथरूण-पांघरूण गरजूंकडे जाते. स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असे निकृष्ट दान करू नका, अशी कुरआनाची स्पष्ट ताकीद सूरा बकरामध्ये आहे. डाग पडलेली, गोळे झालेली गादी उचलून देणे हे दान नव्हे, ती अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे. तीच गादी पिंजून, खोळ धुऊन दिली तर घेणाऱ्याला सुखाची झोप मिळते आणि पिंजाऱ्याच्या घरी ईदची शेवई शिजते. ईदनंतर शव्वालमध्ये लग्ने निघतील, पुढे लग्नसराई येईल. ज्या घरांना नव्या गाद्या भरायच्या आहेत त्यांनी त्याचा फोन नंबर आत्ताच लिहून ठेवावा. चांदरातीला त्याच्याकडे खूप गर्दी असते.